वने, वनोद्योग आणि रोजगार : महाराष्ट्रातील बदलते चित्र

वनांपासून आपल्याला काय मिळते, असा प्रश्न विचारला असता लाकूड, पाऊस आणि वन्यप्राणी या तीन गोष्टींचा उल्लेख बहुधा प्रथम होतो. चौथी गोष्ट सहसा मागे राहते. ती म्हणजे रोजगार. कारखान्याच्या फाटकातून पाळी संपवून बाहेर पडणारे कामगार सर्वांना दिसतात. जंगलातील कूपात, बांबूच्या रांजीत किंवा तेंदूपत्त्याच्या फळीवर राबणारी माणसे मात्र विखुरलेली असल्यामुळे नजरेत भरत नाहीत. तथापि राज्याच्या अनेक तालुक्यांत शेतीखालोखाल हाताला काम देणारे क्षेत्र वनांचेच होय. गेल्या पाऊणशे वर्षांत या कामाचे स्वरूप कसकसे पालटत गेले आणि ते आज कोणत्या दिशेने जात आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

महाराष्ट्राचे भौगोलिक क्षेत्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटर असून त्यापैकी सुमारे ६२ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र वन म्हणून नोंदलेले आहे. म्हणजे राज्याचा साधारण पाचवा हिस्सा. परंतु हे क्षेत्र सर्वत्र सारखे पसरलेले नाही. मराठवाड्यात ते अत्यल्प आहे. याउलट गडचिरोली, चंद्रपूर व गोंदिया हे पूर्व विदर्भातील जिल्हे, अमरावतीचा मेळघाट, सातपुड्याच्या रांगा आणि सह्याद्रीचा पट्टा येथे ते एकवटलेले आहे. जेथे वने दाट आहेत, तेथे शेती बहुतांशी पावसावर अवलंबून, कारखाने विरळ आणि आदिवासी वस्ती मोठी, असे चित्र दिसते. म्हणूनच तेथे वनातील मजुरी हे वरकड उत्पन्न नसून संसाराचा एक मुख्य आधार आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

मनुष्यदिनांचा हिशेब

वनातील रोजगार मोजण्याचे प्रचलित माप म्हणजे मनुष्यदिन. एका व्यक्तीने एक दिवस केलेले काम म्हणजे एक मनुष्यदिन. हे माप सोयीचे आहे. परंतु ते समजून वाचावे लागते. समजा, एखाद्या वनक्षेत्रात वर्षभरात ३० हजार मनुष्यदिनांचे काम निघाले. हे काम १०० माणसांना प्रत्येकी ३०० दिवस मिळाले असेल, अथवा १,००० माणसांना प्रत्येकी ३० दिवस मिळाले असेल. बेरीज दोन्हींची एकच. पण पहिल्या परिस्थितीत १०० कुटुंबे वर्षभर निर्धास्त राहतात, तर दुसऱ्या परिस्थितीत १,००० कुटुंबांना एक महिना काम आणि उरलेले अकरा महिने दुसऱ्या कामाचा शोध, अशी स्थिती होते. वनातील रोजगार बव्हंशी या दुसऱ्या प्रकारचा आहे. तो पुष्कळांना मिळतो, परंतु थोडे दिवस मिळतो.

याचे कारण झाडाच्या वयात आहे. साग परिपक्व होण्यास ६० वर्षे वा त्याहून अधिक काळ लागतो. ६,००० हेक्टरांच्या सागवनाची तोड ६० वर्षांच्या चक्राने करावयाची म्हटल्यास वर्षाला फक्त १०० हेक्टर क्षेत्र अंतिम तोडीस येते. मधल्या काळात विरळणीचे काम निघते, एवढेच. बांबूचे तसे नाही. बांबूच्या रांजीतून तीन वर्षांच्या चक्राने पक्व काठ्या काढल्या, तर तेवढ्याच क्षेत्रातील २,००० हेक्टर दरवर्षी कामाखाली येतात. लाकडाचे मोल सागाला अधिक असले, तरी हाताला वारंवार काम देण्याची शक्ती बांबूत अधिक आहे, ती या कारणामुळे.

एका कुटुंबाचे वर्ष

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा किंवा कुरखेडा तालुक्यातील एखाद्या भूधारक परंतु गरीब कुटुंबाचे वर्ष डोळ्यांपुढे आणावे. पावसाळ्यात धानाची रोवणी आणि दिवाळीच्या सुमारास कापणी. मळणी आटोपली की थंडीत बांबूतोड किंवा कूपातील लाकूडतोड. फाल्गुन-चैत्रात पहाटेच उठून मोहफुले वेचावयाची. त्याच सुमारास तेंदूच्या झुडपांची छाटणी आणि वैशाखात पाने तोडण्याचा हंगाम. मृग लागताच रोपवनातील खड्ड्यांत रोपे लावण्याचे काम आणि पुन्हा धान. या साखळीतील एक कडी निखळली, तरी त्या वर्षी सावकाराचे दार ठोठावावे लागते किंवा कामासाठी गाव सोडावे लागते.

तेंदूपत्त्याचे काम किती चिकाटीचे असते, हे एका हिशेबावरून कळेल. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी धरली जाते. म्हणजे एका गोणीमागे ७० हजार पाने एकेक करून तोडलेली, जुळविलेली आणि बांधलेली असतात. एखाद्या कुटुंबाने दिवसाकाठी १५० पुडे फळीवर नेले, तर त्या दिवशी त्याने १०,५०० पाने हाताळली, असा त्याचा अर्थ होतो. पहाटे जंगलात जाऊन पाने आणावयाची आणि दुपारभर घरातील लहानथोरांनी पुडे बांधावयाचे, असा हा क्रम असतो. हंगाम मात्र काही आठवड्यांचाच. वळवाचा पाऊस वा गारपीट झाली, तर तोही अर्ध्यावर संपतो.

ठेकेदारीकडून सहकाराकडे

ब्रिटिश अमदानीत वने राखीव झाली आणि वनातील कामे लिलावाने ठेकेदारांकडे जाऊ लागली. या व्यवस्थेत मजुराची स्थिती काय होती, याचे उदाहरण तत्कालीन ठाणे जिल्ह्यात सापडते. १९४५ साली डहाणू, तलासरी भागातील वारल्यांनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली जो लढा उभारला, त्यात वेठबिगारीविरुद्धच्या मागणीबरोबरच गवतकापणी आणि जंगलतोडीच्या मजुरीचे दर हा एक मुख्य प्रश्न होता. कातकरी समाजाची कथाही अशीच आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी वा काथोडी. जंगल राखीव झाल्यावर त्यांचा परंपरागत धंदा हातचा गेला आणि हा समाज कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवरील मजुरीकडे ढकलला गेला. एखाद्या वनोद्योगातील कारागीर त्याच वनातील मजूर कसा बनतो, हे यावरून दिसून येते.

बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना मुंबई राज्यात १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था स्थापन होऊ लागल्या. कूप ठेकेदाराला न देता मजुरांच्याच संस्थेला द्यावयाचा, तोड संस्थेने करावयाची आणि नफ्यातील वाटा सभासदांना मिळावयाचा, अशी ही कल्पना होती. ठाणे, नाशिक व खानदेश भागांत या संस्थांनी अनेक वर्षे काम केले. मजुरीबरोबर हिशेब ठेवणे, सभा घेणे, मालाची मोजणी करणे या गोष्टी आदिवासी सभासदांच्या परिचयाच्या झाल्या, हे या चळवळीचे मोठेच फलित मानावे लागेल. कारभार काही ठिकाणी बाहेरच्या मंडळींच्या हाती गेला, हे तिचे वैगुण्यही नाकारता येणार नाही.

विस्ताराचा कालखंड

१९७० ते १९८० हे दशक वनातील कामांच्या विस्ताराचे होते. १९७२ च्या दुष्काळात व्यापक स्वरूप प्राप्त झालेल्या रोजगार हमी योजनेला वि. स. पागे यांच्या विचारांचे अधिष्ठान होते. या योजनेचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मृद्संधारणाबरोबर वनीकरणाची कामेही योजनेत घेण्यात आली. १९७४ साली नागपूर येथे मुख्यालय असलेले महाराष्ट्र वन विकास महामंडळ स्थापन झाले. कमी उत्पादक वनांच्या जागी मूल्यवान रोपवने उभारावयाची, हा त्यामागील विचार. रोपवाटिकेतील गादीवाफ्यांपासून खड्डे खोदणे, लावणी, निंदणी, विरळणी, जाळरेषा साफ ठेवणे आणि वणव्यावर पहारा देणे येथपर्यंत अनेक प्रकारची कामे त्यातून निर्माण झाली. १९८२ साली सामाजिक वनीकरणाची स्वतंत्र यंत्रणा निर्माण होऊन हेच काम रस्त्यांच्या कडा, गायराने आणि शेताचे बांध येथवर पोहोचले. रोपवाटिकांमुळे गावातील स्त्रियांना घराजवळ काम मिळाले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

तोडीकडून संवर्धनाकडे

२५ ऑक्टोबर १९८० पासून वन संवर्धन कायदा लागू झाला आणि केंद्र शासनाच्या मान्यतेवाचून वनजमीन अन्य कामासाठी वापरण्यास पायबंद बसला. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने पर्यावरणाचा समतोल हे पहिले उद्दिष्ट ठरविले. वनांवर प्रथम हक्क स्थानिक जनतेच्या गरजांचा असून, उद्योगांनी आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांच्या सहकार्याने निर्माण करून घ्यावा, असे त्यात स्पष्टपणे सांगितले गेले. पुढे १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशानुसार वनातील तोड केंद्र शासनाने मान्य केलेल्या कार्य आयोजनेनुसारच करता येऊ लागली आणि वनक्षेत्रातील आरागिरण्यांवर निर्बंध आले. नव्या आरागिरण्यांच्या परवान्यांवरही नियंत्रण आले. २०१६ साली केंद्र शासनाने लाकूडाधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून परवान्यांचा निर्णय राज्यस्तरीय समित्यांकडे सोपविला.

या निर्णयांमुळे वने वाचण्यास साहाय्य झाले, यात संशय नाही. परंतु रोजगाराच्या दृष्टीने त्यांची एक दुसरी बाजू आहे. तोडीचे क्षेत्र आकुंचित झाले आणि कूपावर अवलंबून असलेल्या अनेक जंगल कामगार संस्थांपुढे कामाचा प्रश्न उभा राहिला. लाकूड कापणारा, ओढणारा, गाडीत भरणारा आणि आगारात थप्प्या लावणारा अशी कामगारांची जी साखळी होती, तीतील हात मोकळे झाले. वने राखण्याचा लाभ सर्व समाजाला मिळाला. त्याची झळ मात्र प्रथम या मजुराला लागली. ही गोष्ट विसरून वनसंवर्धनाचा विचार करणे न्यायाचे होणार नाही.

उद्योगांचे बदलते स्वरूप

लाकडावर आधारलेल्या उद्योगांतही असाच पालट झाला. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूर येथे १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीचा कागद कारखाना दीर्घकाळ वनातील बांबूवर चालला आणि बांबूतोडीतून हजारो मजुरांना हंगामी काम मिळत राहिले. पुढे कागद उद्योग निलगिरी, सुबाभूळ यांसारख्या शेतात वाढविलेल्या लाकडाकडे वळत गेला. आगकाड्यांसाठी सावरीसारखे मऊ लाकूड वापरणारा अंबरनाथचा कारखाना एके काळी प्रसिद्ध होता; तो आता इतिहासजमा झाला आहे. आरागिरण्यांना वनातील सागाबरोबरच शेतातील बाभूळ, निंब, आंबा आणि परदेशातून बंदरांवर उतरणारे लाकूड यांवर अवलंबून राहावे लागते. घरबांधणीत तुळया, दारे, खिडक्या यांची जागा लोखंड, अ‍ॅल्युमिनियम व प्लास्टिकने घेतली आणि फर्निचरमध्ये अखंड लाकडाऐवजी प्लायवुड व भुशापासून केलेले तक्ते आले. त्यामुळे गावच्या सुताराचे काम कमी होऊन शहरातील तक्ते जोडणाऱ्या कारागिराचे काम वाढले.

तथापि उत्तम सागाची प्रतिष्ठा उणावलेली नाही. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीचा साग भारतभर नावाजलेला असून २०२३ साली अयोध्येतील मंदिराच्या कामासाठी बल्लारपूरच्या आगारातून सागवान पाठविण्यात आले, हे वाचकांना स्मरत असेल. पण असे मोलाचे लाकूड ओंडक्याच्या रूपाने बाहेर जाते, तेव्हा कापणी, रंधाई, कोरीवकाम आणि जोडकाम यांतील मजुरी अन्यत्र मिळते. कच्चा माल ज्या जिल्ह्यात निपजतो, त्याच जिल्ह्यात त्यावर प्रक्रिया झाली तर तेवढ्याच लाकडातून अधिक हातांना अधिक दिवस काम देता येईल. सावंतवाडीची लाकडी खेळणी हे याचे बोलके उदाहरण होय. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाला तेथील कारागिरांच्या हाताने आणि रंगाने किती मोल प्राप्त होते, हे सर्वश्रुत आहे. बुरूड समाजाच्या सुपा-टोपल्यांनाही असेच नवे रूप व नवी बाजारपेठ लाभणे अगत्याचे आहे.

हक्क आणि विक्री

रोजगाराच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय बदल मजुराच्या हक्कासंबंधीचा आहे. तेंदूपत्त्याचा व्यापार १९६९ च्या कायद्याने शासनाच्या नियंत्रणाखाली आला. आदिवासी विकास महामंडळाची स्थापना १९७२ साली झाली आणि त्यामार्फत एकाधिकार खरेदीची योजना राबविण्यात आली. तरीही वनोपज गोळा करणारा हा मजूरच राहिला. मालक झाला नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ही स्थिती बदलली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढा गावाच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर वन आले. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना कोणी द्यावयाचा, हा प्रश्न उरला होता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. गावाने ठरविलेल्या दराने मजुरी आणि विक्रीची शिल्लकही गावातच, असा नवा हिशेब त्या दिवसापासून सुरू झाला.

२०१३ पासून गडचिरोली व गोंदिया जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याची विक्रीही स्वतः करण्यास प्रारंभ केला. सर्वांचा अनुभव सारखा नाही. लिलावाच्या अटी समजून घेणे, व्यापाऱ्याकडून वेळेवर रक्कम वसूल करणे आणि पडत्या भावाचे वर्ष निभावून नेणे, ही नवी जबाबदारीही ग्रामसभांवर आली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने तर वनाला लागणाऱ्या आगी आणि झाडांची छाटणी टाळण्यासाठी तेंदू तोडणेच थांबविले व बांबूवर भर दिला. आजची मजुरी आणि उद्याचे वन यांचा तोल गावाने आपणहून सांभाळल्याचे हे उदाहरण मननीय आहे.

बांबूविषयी आणखी एक निर्णय महत्त्वाचा आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना वृक्षांत होत असे. २०१७ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेर वाढलेला बांबू त्यातून वगळण्यात आला. त्यामुळे शेताच्या बांधावरील बांबू तोडणे व नेणे सुकर झाले. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

मजुराचे स्थैर्य

वनातील रोजंदारी मजुराला कायद्याचे संरक्षण किती, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित होता. पुणे परिसरातील वनीकरणाच्या कामावर अनेक वर्षे राबलेल्या मजुरांच्या प्रकरणात डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, त्या कामापुरता वनविभाग हा कामगार कायद्याच्या दृष्टीने ‘उद्योग’ ठरतो आणि मजुरांना वर्षानुवर्षे हंगामी ठेवणे ही अनुचित प्रथा आहे. ३१ जानेवारी १९९६ च्या शासन निर्णयाने सलग पाच वर्षे, प्रतिवर्षी २४० दिवस काम केलेल्या ८,०३८ वनमजुरांना कायम करण्यात आले. २०१२ सालीही असाच निर्णय झाला. यातून हजारो घरांत महिन्याचा पगार येऊ लागला. पण २४० दिवसांची अट ज्यांना कधीच पुरी करता येत नाही, असे हंगामी मजूर संख्येने फार मोठे आहेत. त्यांत स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय आहे. आरागिरणीत हात गमावणारा कामगार असो, की चंद्रपूरच्या जंगलात मोहफुले वेचताना वाघाच्या हल्ल्याला बळी पडणारी स्त्री असो, वनातील मजुरीत जिवाची जोखीम असते. रोजगाराची चर्चा केवळ दिवसांच्या संख्येवर थांबू नये, ती यासाठी.

नव्या वाटा

तोडीचे काम घटले, तरी राखणीचे आणि निगेचे काम वाढत आहे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोबाच्या परिसरात वाटाडे, वाहनचालक, निवासगृहांतील कर्मचारी अशा स्वरूपात स्थानिक तरुणांना काम मिळू लागले आहे. वनरक्षकाच्या सेवेत आता तरुणीही मोठ्या संख्येने दाखल होत आहेत. दापोली आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांत वनशास्त्राच्या पदवीचे शिक्षण मिळते, तर कुंडल आणि चंद्रपूर येथील प्रबोधिनींत सेवेतील प्रशिक्षणाची सोय आहे. परंतु पर्यटनाचे काम प्रवेशद्वारालगतच्या मोजक्या गावांपुरते आणि पदवीचे शिक्षण मोजक्या तरुणांपुरते मर्यादित आहे. कूप बंद झाल्यामुळे रिकाम्या झालेल्या मध्यमवयीन मजुराचा प्रश्न यामुळे आपोआप सुटत नाही. त्याच्यापाशी असलेले ज्ञान म्हणजे झाडाची पारख, पक्व बांबू ओळखण्याची नजर आणि वणवा कोठून कसा सरकतो याची जाण. या ज्ञानाला मोल देणारे काम निर्माण होणे आवश्यक आहे.

या विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. वनातील रोजगार मोजताना किती मनुष्यदिन निघाले, याबरोबरच एका कुटुंबाला किती दिवस काम मिळाले हे पाहिले पाहिजे. दुसरे असे की, वनोपज कच्च्या स्वरूपात जिल्ह्याबाहेर जाण्यापूर्वी त्यावर जितके संस्कार तेथेच होतील, तितका रोजगार टिकाऊ होईल. आणि तिसरे म्हणजे, वनाच्या राखणीत ज्याचा वाटा आहे त्याचा वनाच्या उत्पन्नातही वाटा असला पाहिजे. वणवा लागला असता सर्वप्रथम धावून जाणारा माणूस हा त्या वनालगतच्या गावातीलच असतो. त्याच्या घरात बाराही महिने चूल पेटती राहील अशी व्यवस्था झाली, तर वनाचे रक्षणही अधिक निश्चितपणे होईल.